काका, मला तुमची जागा न सांगितल्याबद्दल थँक्यू

काका नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अरे त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितोय.

आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात आल्यावर इथल्या सरकारी जंगलात साधा माणूस कोर्स करून, लायसन्स काढून हरणाच्या शिकारीला जाऊ शकतो हे पचायलाच मला खूप वेळ लागला. मग ग्रीन कार्ड आलं, कोर्स केला आणि पहिल्या सीझनला रॉथरॉक स्टेट फॉरेस्टमध्ये पार्किंगपासून दहा मिनिटांवर तीन दिवस एका झाडाखाली बसलो, हरीण एक नाही, जिकडे बघावं तिकडे केशरी जॅकेट घातलेले शिकारीच. तुम्हाला फोन केला, काका तुम्ही इतकी वर्षं जाताय, एखादी जागा सांगा ना. तुम्ही सरळ नाही म्हणालात. खरं सांगतो, राग आला होता. पण लगेच पुढे म्हणालात, "फेब्रुवारीत ये, बंदूक घरी ठेव, बूट चांगले घाल."

आदल्या रात्री काकूंनी जेवायला वाढेपर्यंत तुम्ही टेबलावर नकाशा पसरून बसला होतात. उंचीच्या रेषा चिकटून असल्या की कडा, फाकल्या की सपाटी, ही सोंड, ही घळ, आणि दोन उंचवट्यांच्या मधे ही बघ खिंड. सह्याद्रीत फिरलायस ना, मग जनावर पण तसंच चालतं, खिंड असताना कडा कशाला चढेल? मला तो नकाशा त्या क्षणी वाचता यायला लागला.

दुसऱ्या दिवशी समजलं फेब्रुवारी का ते. सीझन संपलेला, पानं गळलेली, त्यामुळे हरणांच्या वाटा शेताच्या बांधावरच्या पायवाटेसारख्या स्पष्ट दिसत होत्या. माउंटन लॉरेल नावाच्या झुडपांच्या जाळीत बर्फावर लंबगोल खळगे, आत दोन-चार राखाडी केस चिकटलेले, म्हणजे इथे हरीण बसून गेलंय. मनगटाएवढ्या एका झाडाची साल नराने शिंगं घासून सोललेली, तुम्ही माझा हात धरून त्यावर फिरवलात. आणि ओकची पानं! टोकं गोल असली तर व्हाइट ओक, अणकुचीदार असली तर रेड ओक, व्हाइटची फळं कमी तुरट म्हणून हरणं आधी तिकडे जातात. मी एक फळ चावून बघितलं, तरी तुरटच लागलं.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती तुमच्या खिशातली डबी. त्यात मिल्कवीडचा कापूस, आपल्या रुईची म्हातारी असते ना अगदी तशीच (आणि खरंच ती दोन्ही झाडं एकाच कुळातली!). उन्हात सोडलीत तर ती उताराने वर वर गेली, ऊन उतरल्यावर त्याच जागेवरून दुसरी सोडलीत तर ती वळून घळीत खाली उतरली. आपला वास पण असाच वाऱ्याबरोबर हरणापर्यंत जातो म्हणालात. पहिल्या सीझनला मी काय चुकलो ते त्या दोन म्हाताऱ्यांनी दाखवलं.

त्यानंतर मी एकटा अकरा वेळा गेलो, प्रत्येक वेळी नकाशावर खुणा करत. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सकाळी खिंडीच्या तोंडाशी वारा तोंडावर घेऊन बसलो होतो, आणि मादी त्याच वाटेने आली. टॅग (शिकारीच्या नोंदीची चिठ्ठी) भरून तिच्या कानाला बांधताना हात थरथरत होते, आणि पहिली आठवण तुमची आली. मटण काकूंच्या कांदा-लसूण मसाल्यात केलं, तुमचा डबा फ्रीझरमध्ये ठेवलाय.

काका, तुम्ही त्या दिवशी जागा सांगितली असती तर मी एक हरीण मारून आलो असतो आणि जंगल मला अजून कळलं नसतं. ती खिंड मी कोणालाच सांगितली नाहीये. तुम्हाला मात्र नकाशावर खूण करून पाठवतोय, गाडीपासून पाऊण तास आहे, चढ फार नाही, तुमच्या गुडघ्याला जमेल. फेब्रुवारीत कधी येताय सांगा, मी घ्यायला येतो.

तुमचाच