ट्रेनर विमानाच्या किटमधील सदोष फ्यूजलाजबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बाल्सा किटमधील फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) चुकीचे कटिंग आणि फायरवॉलचा (नाकाशी मोटर बसवायच्या फळीचा) निकृष्ट प्लाय

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मी 1500 मिलिमीटर पंखाच्या, इलेक्ट्रिक मोटरवर उडणाऱ्या रेडिओ कंट्रोल ट्रेनर (नवशिक्यांसाठीच्या) मॉडेल विमानाचे किट घेतले. पंखांचे आणि शेपटीचे भाग उत्तम आहेत. बाल्सा लाकूड हलके, सरळ रेषेचे (तंतूंचे) आहे. तक्रार आहे ती फ्यूजलाजची. ती मी आधी आपल्या ग्राहक सेवेकडे केली होती. "थोडे घासून बसवा, फट राहिली तर इपॉक्सी भरा" एवढे सांगून त्यांनी ती बंद केली, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवतो. व्हर्नियर, गुण्या आणि सरफेस प्लेट ही माझी रोजची हत्यारे आहेत. खाली दिलेले प्रत्येक माप त्यांनीच घेतलेले आहे आणि फोटो सोबत जोडले आहेत.

पहिला दोष नाकाकडचा. फ्यूजलाजच्या दोन्ही बाजूंना आतून 2 मिलिमीटर प्लायचे डबलर (बळकटीच्या पट्ट्या) चिकटवायचे असतात. आपल्या नकाशात डावा डबलर पुढे लांब आणि उजवा आखूड दाखवला आहे, म्हणजे त्यांवर बसणारी फायरवॉल 2 अंश उजवीकडे वळते. ते तसेच हवे. प्रोपेलरचा झोत पिळत मागे जातो, शेपटीच्या उभ्या फिनवर डावीकडून आदळतो आणि विमानाचे नाक डावीकडे ओढले जाते. मोटर उजवीकडे कललेली असली की ती ओढ बरीचशी भरून निघते. फायरवॉल 70 मिलिमीटर रुंद आहे, त्यावर 2 अंश म्हणजे साधारण 2.4 मिलिमीटर. माझ्या पेटीत आलेल्या दोन्ही डबलरांवर अक्षरे वेगळी आहेत, पण एकावर एक ठेवले तर ते तंतोतंत जुळतात. दोन्ही लांबच आहेत. नकाशात दाखवलेला उजवा डबलर मला मिळालेलाच नाही.

दुसरा दोष अधिक वाईट आहे. पंख टेकतात त्याच्या मागचा चौथा फॉर्मर (धडातली आडवी फळी) ज्या खाचांत बसतो, त्यांतली डाव्या बाजूची खाच उजवीपेक्षा 2 मिलिमीटर मागे कापली आहे. तिसरा फॉर्मर गुण्यात बसतो. चौथा बसवला की त्याच्या मागची, शेपटीकडची सगळी चौकट उजवीकडे वळते. फॉर्मरची रुंदी 75 मिलिमीटर आहे आणि तिथून शेपटीचे टोक 550 मिलिमीटर लांब. एवढ्या अंतरावर ते 2 मिलिमीटर वाढून जवळपास 15 होतात. दोन्ही बाजू ओढून मध्यरेषेवर चिकटवता येतील, हे मलाही कळते. पण मग बाल्सा कायम ताणात राहतो आणि फिनची बैठक पिळवटते. रडरचे ट्रिम (सुकाणूला कायमचा थोडा कल) देऊन ते एका वेगाला सावरेल. वेग कमी झाला, विमान उतरायला आले, की तेच ट्रिम पुरणार नाही. शिकाऊ हातात द्यायचे विमान असे नसते.

आमच्याकडच्या पावसाला दोष दिला जाईल, म्हणून तेही आधीच लिहितो. बेळगावचा पावसाळा ओला आहे आणि बाल्सा दमट हवेत फुगतो, हे खरे. पण लाकूड फुगते ते रेषेला आडवे. रेषेच्या लांबीत ते जवळजवळ हलत नाही. या खाचांमधले अंतर रेषेच्या दिशेने आहे, त्यामुळे ओलाव्याने ते 2 मिलिमीटर बदलूच शकत नाही, तेही एकाच बाजूला. शिवाय खाचांच्या कडांवर लेझरचा तपकिरी जळका रंग अजून तसाच आहे. तिथे कानसही लागलेली नाही, पॉलिश पेपरही नाही. फोटोत ते स्पष्ट दिसते.

तिसरी गोष्ट फायरवॉल. सूचनापत्रकात 4 मिलिमीटर बर्च प्लाय लिहिला आहे. आला तो 3 मिलिमीटरचा, आणि मोटरच्या टी-नटसाठी भोक पाडताच त्याचे थर सुटले. आत पोकळी आहे. यावर इपॉक्सी भरण्याचा सल्ला आपण कोणालाही देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पूर्ण वेगात फिरणारी मोटर या एका फळीवर टांगलेली असते. ती हवेत सुटली तर प्रोपेलरसकट सुटेल. आम्ही विमान उडवणार ते सांबऱ्याच्या विमानतळापासून लांब, उचगावच्या बाजूला, भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शिवारात. तिथे मळणीची माणसे असतात, पोरे असतात.

हे किट मी भाच्यासाठी घेतले. सांबऱ्याकडे उतरणारे विमान दिसले की तो हातातले काम टाकून बघत उभा राहतो. फ्यूजलाज कोरडे जुळवून बघताना तोच म्हणाला, "मामा, हे वाकडं का बसतंय?" नकाशाप्रमाणे काम केले की वस्तू सरळ होते, हे मी त्याला शिकवत होतो. आपल्या कटिंगने ते खोटे पाडले, याचे मला फार वाईट वाटले.

माझ्या धंद्यात पॅटर्न चुकला की त्यातून निघणारे प्रत्येक कास्टिंग चुकते. लेझरची ड्रॉइंग फाइलही तशीच आहे. खाच जर फाइलमध्येच सरकलेली असेल, तर या बॅचच्या प्रत्येक पेटीत हेच निघेल आणि घेणाऱ्याला वाटेल की आपल्यालाच जमत नाही. म्हणून मला एकट्याला भाग पाठवून विषय मिटवू नये. फाइल तपासावी, तोवर या किटची विक्री थांबवावी आणि आधीच्या ग्राहकांना कळवावे.

मला फ्यूजलाजच्या दोन्ही बाजू, दोन्ही डबलर, सर्व फॉर्मर आणि खऱ्या बर्च प्लायची फायरवॉल असा पूर्ण संच, कुरियर खर्चासह आपल्याकडून हवा. ते शक्य नसेल तर किट परत घेऊन पूर्ण पैसे द्यावेत. "उघडलेले किट परत घेत नाही" हे उत्तर मी मान्य करणार नाही. पेटी उघडल्याशिवाय खाच मोजता येत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही आणि तक्रारीचे निवारण एका महिन्यात करावे लागते. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी राहतो त्या बेळगाव जिल्ह्याच्याच ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

काहीही चिकटवलेले नाही. सर्व भाग, थर सुटलेल्या फायरवॉलसह, मूळ पेटीत ठेवले आहेत. आपला माणूस कधी नेणार ते कळवावे.

आपला ग्राहक,
शहापूर, बेळगाव

सोबत: बिलाची प्रत, मापांसह फोटो, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार