काकूंचा गिझर

दर्यापूर तालुका, रविवार

प्रिय संज्या,

हसशील लेका पत्र पाहून, पण फोनवर तू "हो हो, पाहू" म्हणून ठेवून देतं, म्हणून लिहूनच काढलं. विषय काकूंचा गिझर.

सोमवारी काकूंचा फोन आला, "बाबू, त्या डब्यात लाह्या फुटल्यासारखं वाजते, मले नहाणीत जायचीच भीती वाटते." गेलो. तीन वर्षांपूर्वी तू लावून गेला तोच १५ लिटरचा, अन् तेव्हापासून कोणी त्याले हात लावला नाई. एमसीबीचा खटका पाडला, वरचा नळ बंद केला, थंड होऊ दिला, पाणी काढलं अन् खालची प्लेट सोडली, तर चुन्याच्या खपल्या बदाबदा पडल्या. दोन-तीन ओंजळी तरी असतीन. कॉइल दिसतच नव्हती, शाळेतल्या खडूसारखी झाली होती.

आपलं पडलं खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. शहानूर धरणाचं पाणी आलं की ते प्यायले भरून ठेवायचं अन् टाकीत बोअरचंच चढवायचं, हे तुले सांगायले नको. त्या पाण्यात विरघळलेला चुना तापला की दगड होऊन बसते, अन् जेवढं जास्त तापवलं तेवढा जास्त. काकूंनी नॉब पार शेवटाले नेऊन ठेवला होता, मी मधात आणला, ५५ च्या आसपास, तेवढं आंघोळीले पुरते.

लोक म्हणतात थर बसला की बिल दुप्पट होते, मले ते पटत नाई, कॉइल पाण्यातच बुडालेली असते तर उष्णता जाईल कुठं? १५ लिटर पाणी २० वरून ६० डिग्री करायले पाऊण युनिटच्या आतबाहेर लागते, २ किलोवॅटच्या कॉइलले वीसेक मिनिटं. खरा घोळ हा की थराखाली कॉइल भलतीच तापते अन् एक दिवस जळून जाते.

मग १०० ग्रॅम लिंबूसत कोमट पाण्यात टाकून कॉइल बुडवून ठेवली, बुडबुडे येत राहिले, रात्रभरात तांबं उघडं पडलं. हार्डवेअरवाला टॉयलेटचं अ‍ॅसिड देत होता, मी म्हटलं कायले, टाकीच खाऊन टाकते ते. अन् आठवलं का, आपल्या वाड्यात तांब्याचा बंब होता, पऱ्हाटीच्या काड्या घालायचा? आबाजी त्यात चिंचेचं पाणी उकळायचे, आपण म्हणायचो म्हातारा बंबाले आंबट वरण करून रायला. तेच काम लिंबूसतानं केलं. बंबाची राख रोज काढाच लागे, म्हणून त्याच्यावर नजर राहायची, हा डबा वर टांगला की दिसतच नाई.

आता मुख्य गोष्ट. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीऐवजी ती गंजावी म्हणून. काकूंच्या गिझरमधी तिची नुसती तार उरली होती. खाऱ्या पाण्यात ती लवकर संपते, तिच्यानंतर टाकीचा नंबर. इथं ती मिळत नाई. तू पुण्यात आहेस तर गिझरच्या स्टिकरचा फोटो पाठवतो, त्या मॉडेलची कांडी अन् खालच्या प्लेटचं रबरी वायसर घेऊन ये, जुनं वायसर दबून चपटं झालं, थेंब-थेंब गळून रायलं. तोवर गिझर चालू ठेवू नका म्हणून सांगितलं, काकू चुलीवर पाणी तापवतात, अन् मले वाटते त्यातच खूश आहेत.

एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी माझा स्वतःचा गिझर असाच साफ केला अन् टाकी भरायच्या आधीच बटन दाबलं. दोन मिनिटात कॉइल गेली. गरम पाण्याच्या तोटीतून सलग धार येईपर्यंत बटनाले हात नाई लावायचा, एवढं साधं, तरी विसरलो. बायकोनं अजून सोडलं नाई मले त्यावरून.

अन् हो, अर्थिंग पाह्यली. वायर नुसती गुंडाळून ठेवली होती बे, तुमच्या वायरमनले काय म्हणावं! ती मी बसवली, पण अर्थिंगच्या खड्ड्याजवळची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा त्यात बादलीभर पाणी टाकत जा म्हणून काकूंले सांगितलं. मेन बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, मात्र तू येशील तेव्हा लावूनच जाऊ, त्यात पैसे वाचवू नको.

पोळ्याले येणार म्हणाला होता, आला नाई. संक्रांतीले तरी ये, कांडी घेऊन. १३ चा पाना माझ्याजवळ आहे.

तुझा,
बाबू