फोन घेण्याआधी एवढं वाच

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तुझी शिफ्ट सुरू व्हायची होती, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. साडेआठ हजारांचा फोन घेऊ की तेरा हजारांचा, एवढं विचारलंस आणि मी "बघून सांगतो" म्हटलं. अप्रेंटिसशिपच्या स्टायपेंडमधून वाचवलेले पैसे आहेत तुझे, म्हणून सगळं नीट लिहून कळवतोय.

आपल्या दुकानात दुरुस्तीला मोटरी येतात त्या तू लहानपणापासून बघतोयस. बाहेरून रंग तोच, प्लेटवर एचपी तेवढाच. उघडली की कळतं, एकीत तांब्याची तार, दुसरीत ॲल्युमिनियमची. घेताना पैसे वाचतात, पण व्होल्टेज कमी-जास्त झालं की ॲल्युमिनियमवाली आधी जळून येते. फोनचंही तसंच आहे. दोन्ही डब्यांवर १२८ जीबी लिहिलेलं असेल, पण एकात ईएमएमसी स्टोरेज असेल आणि दुसऱ्यात यूएफएस. ईएमएमसी जुन्या पद्धतीची आणि मंद असते. वर्षभरात फोटो, व्हॉट्सॲप साठलं की फोन अडखळायला लागतो. '४ + ४ जीबी रॅम' असं दिसलं तर खरी रॅम चारच धर, बाकीची चार स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते.

आता वॉरंटी. तुझ्या ऑनलाइन शाळेसाठी २०२० साली घेतलेला फोन आठवतो ना? आठव्या महिन्यात चार्जिंग बंद पडलं. इथून एसटीने चिपळूण गाठलं, तिथे त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटरच नाही असं कळलं, मग दुसऱ्या दिवशी रत्नागिरी. तिथल्या मुलाने सिमचा ट्रे काढला, आत टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं. तांदळाच्या दाण्याएवढी चिकटपट्टी होती, मुळात पांढरी, पण लालसर झालेली. "पाणी गेलंय काका, वॉरंटीत बसणार नाही." फोन कधी पाण्यात पडला नव्हता. आषाढात शर्टाच्या खिशात होता, एवढंच. बोर्ड बदलायचे ४८०० सांगितले, फोनच साडेसात हजारांचा. दोन दिवस दुकान बंद ठेवून मी तसाच परत आलो. त्या दिवशी तू वर्गाला बसू शकला नाहीस, ते मला अजून लागतं.

म्हणून माझं ठाम मत झालंय की वॉरंटीचे महिने मोजण्याआधी सेंटर कुठे आहे ते बघावं. तू चाकणला आहेस, पुणं जवळ आहे, पण वर्षभराने कुठे असशील कोण जाणे. रत्नागिरी जिल्ह्यात ज्यांचं अधिकृत सेंटर आहे अशाच कंपनीचा घे. आणि घेण्याआधी त्या सेंटरला फोन करून डिस्प्लेची आणि बॅटरीची किंमत विचार. डिस्प्लेला फोनच्या निम्मे पैसे लागत असतील तर तो स्वस्त फोन नव्हे. वॉरंटीचा कागदही वाच. बऱ्याच ठिकाणी फोनला एक वर्ष आणि चार्जरला सहाच महिने असतात. फुटणं आणि पाणी, दोन्ही सहसा बाहेर.

पाण्याचं जरा जास्त सांगतो, कारण आपण कोकणातले. फोन धूळ-पाणी किती सोसतो ते आयपीच्या आकड्यावरून कळतं. आयपी ५४ म्हणजे शिंतोडे सोसेल. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण तेही साध्या पाण्यात, समुद्राच्या नव्हे. आणि आकडा कितीही मोठा असला तरी पाणी गेल्यावर बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. गावी आलास आणि किनाऱ्यावर गेलास तर खिसा झटकून मगच फोन ठेव. वाळूतला गारगोटीचा कण काचेपेक्षा कठीण असतो, काच कुठल्याही नावाची असली तरी ओरखडा उठतोच.

टिकण्याचा हिशेब मी असा मांडला. साडेआठवाला दोन वर्षांत रडायला लागला तर वर्षाला सव्वाचार हजार पडले. तेरावाला चार वर्षं चालला आणि मध्ये दीड हजारांची बॅटरी टाकली, तर साडेचौदाला चारने भाग, सव्वाछत्तीसशे. बॅटरी बदलावी लागेलच, ती साधारण ५०० ते ८०० वेळा पूर्ण चार्ज झाली की उतरते. पण चार वर्षं हा हिशेब सिक्युरिटी अपडेट तितकी वर्षं येणार असतील तरच खरा. किती वर्षं देणार ते कंपनीने लिहून दिलेलं बघ, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नको. तुझा पगार, यूपीआय, सगळं त्याच फोनवर आहे.

जीएसटीचं पक्कं बिल घे, त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, हवा. दुकानातच *#०६# दाबून डबा, बिल आणि फोन तिन्हींवरचा नंबर जुळतो का बघ. इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून पुढे तो नंबर टाकून १४४२२ वर मेसेज केलास की तो नंबर चालू आहे की बंद केलेला, ते कळतं. वॉरंटीत असूनही कोणी टाळाटाळ केली तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मला तेव्हा ती ठाऊक नव्हती.

दोन्ही मॉडेलची नावं शुक्रवारपर्यंत पाठव. शनिवारी मी तार आणायला रत्नागिरीला जाणार आहे, सेंटरमध्ये स्वतः जाऊन भाव विचारून येतो. तेरावाला ठरला तर वरच्या साडेचार हजारांतले तीन हजार मी पाठवतो, नाही म्हणू नकोस. आईने कोकमं वाळवून ठेवली आहेत, येशील तेव्हा ने.

तुझे बाबा