विषय: खोक्यावर 'मेनलाइन लिनक्स', आत 4.9. सोर्स द्या नाहीतर सहाही बोर्ड परत घ्या

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. सातवा कॉल. डोकं गरम आहे तोवरच लिहितो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मागांचे फेरे मोजायला तुमचे 6 बोर्ड (छोटे कॉम्प्युटर) घेतले, खोक्यावर 'मेनलाइन लिनक्स सपोर्ट' छापलंय, म्हणजे लिनक्सचा मूळ, चालू कर्नल (सिस्टीमचा गाभा) चालणार, म्हणून घेतले, नाहीतर स्वस्त बोर्ड काय कमी आहेत का बाजारात. आणि साइटवर इमेज (बोर्डावर टाकायची तयार सिस्टीम) एकच, कर्नल 4.9. डिसेंबर 2016 चा! त्याचे अपडेट जानेवारी 2023 लाच बंद झाले, हे पण मीच सांगायचं का? स्वतः नवा कर्नल 6.12 टाकून बघितला, चिप बरोबर ओळखतो (ते काम सनक्सीवाल्यांनी, म्हणजे या चिपांसाठी लिनक्स लिहिणाऱ्या हौशी मंडळींनी, फुकट राबून केलंय, तुम्ही नाही), पण तुमच्या बोर्डाची डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) कुठंच नाही, दुसऱ्याच बोर्डाची लावून कसाबसा बूट केला तर वायफाय मेलेलं, कारण ड्रायव्हर तुम्ही नुसता 4.9 साठी बांधून दिलाय, नव्यात तो लोडच होत नाही.

आता आजचा कॉल. अर्धा तास गाणं ऐकवलं. मग एकजण आला, त्याला म्हणलं मेनलाइनवर वायफाय चालत नाही. तर म्हणतो, "सर मेन लाइन चेक केली का, लाइट आहे ना?" मला वाटलं चेष्टा करतोय. म्हणलं कर्नल ओ, लिनक्सचा कर्नल. परत होल्ड. परत गाणं. आणि परत येऊन काय, तर "सर, एकदा विंडोज टाकून बघा." मी गप्पच. वरनं "सोलापूरला कोण वापरतं सर हे, तुम्हीच काहीतरी छेडछाड केली असणार, वॉरंटी गेली." छेडछाड? कर्नल बदलला की छेडछाड होत असेल तर खोक्यावर मेनलाइन काय शोभेला छापलंय? आणि सोलापूरचं म्हणाल तर आमचं गाव मेन लाइनवरच आहे, रेल्वेच्या. तुमचा बोर्ड तेवढा नाही.

सोर्स (कर्नलचा मूळ कोड) मागितला तर झिप पाठवली, आत कर्नल बांधायची कॉन्फिग नाही, वायफायचा कोड नाही. कर्नल जीपीएल व्हर्जन 2 या लायसन्सवर आहे, बायनरी (तयार बांधलेला कर्नल) विकली की सोर्स द्यायचाच, सोबत नसेल तर निदान 3 वर्षांची लेखी ऑफर तरी. खोक्यात मला मिळाला एक स्टिकर. मेनलाइन लिहिलेला.

15 दिवसांत पूर्ण सोर्स आणि डिव्हाइस ट्री पाठवा, नाहीतर पैसे परत. नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि मग इथंच सोलापूरच्या ग्राहक आयोगात केस, ग्राहक राहतो तिथं करता येते, 2019 च्या कायद्यात आहे, वाचा. तुमचा पहिला बोर्ड मी चार जणांना घ्यायला लावला होता ओ. आता त्यांचे फोन मला येतात, तुम्हाला नाही.

आणि ते होल्डवरचं गाणं बदला.