तिकीट मराठी नाटकाचं, भाषा इंग्रजी

महोदय,

माझी आई पावसची, वय ६८. मासळीवालीचे पैसे ती भीम अ‍ॅपवरून देते, कारण ते मराठीत चालतं. रत्नागिरीतल्या संगीत नाटकाचं तिकीट काढायला बसली, तर संकेतस्थळ सगळं इंग्रजी. एकेक शब्द लावत वाचेपर्यंत तिकिटासाठी दिलेली वेळ संपली आणि धरलेली खुर्ची सुटली. दुसऱ्यांदा घाईत शनिवारऐवजी रविवार दाबला गेला. ‘नॉन-रिफंडेबल’ तिला कळणार कसं? पैसे गेले. तिचा पडलेला चेहरा माझ्याच्यानं बघवेना.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण आता नाटकाच्या तिकिटांची संकेतस्थळंही मराठीत हवीत, आणि त्यांत नुसती बटणं मराठीत करून भागणार नाही. परताव्याच्या अटी, ओटीपीचा संदेश आणि खुद्द तिकीटही मराठीत हवं. शेजारच्या गोव्यातून येणाऱ्यांसाठी कोंकणीही ठेवा. आणि भाषा निवडायची सोय पहिल्याच पानावर द्या.

— एक नाट्यप्रेमी, पावस (जि. रत्नागिरी)