नेम कितपत बसतो?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शिबिराहून परतल्यावर नेम कितपत बसतो, असे तू विचारले होतेस. प्रादेशिक सेना म्हटले की लोकांना २०११ साली मानद लेफ्टनंट कर्नल झालेला धोनी आठवतो. पण १९४९ पासून चालत आलेली ही सेना मुळात नोकरीधंदा सांभाळून वर्षातला महिनाभर वर्दी चढवणाऱ्या माझ्यासारख्यांची आहे, आणि त्या महिन्यातला रेंजचा, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावरचा, दिवस फुकट गेला की तो भरून काढायला पुढचा आठवडा आमच्या हाती नसतो.

यंदा आमच्या वाट्याला एकच सकाळ आली. पहाटे साडेतीनला ट्रकमध्ये बसलो आणि पोहोचलो तर नियमित पलटणीचे फायरिंग आधी, आमचे मागून. मोठी रेंज बंदच आहे. ती आखली तेव्हा बटच्या, म्हणजे टार्गेटमागे गोळ्या अडवणाऱ्या बांधाच्या, मागे नुसता माळ होता, आता तिथे प्लॉट पडून घरे उभी राहिली आहेत. तिथल्या लोकांच्या डोक्यावरून गोळ्या जाऊ नयेत, हे बरोबरच आहे. पण पर्यायी जागा कोणी शोधली नाही. उरली ती भिंतींनी बंदिस्त केलेली २५ मीटरची छोटी रेंज. तिथे टार्गेट लहान करून दूरचे भासवतात, पण अंतर जोखणे आणि वाऱ्याचा अंदाज घेणे या दोन्ही गोष्टी तिथे शिकताच येत नाहीत, आणि इन्साससारखी रायफल तर ४०० मीटरपर्यंतच्या माऱ्यासाठी बनवलेली आहे.

(फौजी हिंदीत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. पहिल्या वर्षी मला वाटले होते, उस्ताद माझ्या वागणुकीवरच ओरडताहेत.)

उन्हे चढल्यावर माझी पाळी आली. पाच राऊंड मारले आणि टार्गेटपाशी जाऊन पाहिले, तर पाचही छिद्रे दोन बोटांखाली झाकली जातील इतकी जवळजवळ, पण सगळी डावीकडे आणि खाली. म्हणजे हात स्थिर होता; साइट माझ्या डोळ्याला जुळलेली नव्हती. ती जुळवून आणखी पाच राऊंड मारले असते तर झीरोइंग, म्हणजे रायफलची साइट आपल्या नेमाशी जुळवून घेणे, पुरे झाले असते. परंतु तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी झाली आणि आम्ही सगळे वाकून खोकी, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी, वेचू लागलो, कारण त्यांचा हिशेब जुळल्याखेरीज कोणाला जाता येत नाही. एक खोके काही केल्या सापडेना. ते शोधण्यात जो पाऊण तास गेला, त्यात आमच्यातल्या निम्म्यांचे झीरोइंग झाले असते.

सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या नकली नेमबाजीत, श्वास आणि ट्रिगर सुधारतो, हे मी मान्य करतो. पण खऱ्या गोळीचा खांद्याला बसणारा धक्का त्यातून पुरता कळत नाही. निदान शिबिरातला एखादा रविवार आमच्यासाठी राखून ठेवा, असा अर्ज मी लिहून दिला आहे. रायफलचा नंबरही डायरीत टिपून ठेवला आहे. पुढच्या शिबिरात तीच हाती आली तर उरलेले पाच राऊंड तिच्यावरच मारीन.

वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र