व्याज उतरले म्हणून खाते हलवायचे का? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

मा. श्री. संजय मल्होत्रा,
गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

स. न. वि. वि.

आपल्या नोटेवरच्या भाषापट्टीत कोकणी आणि मराठी दोन्ही आहेत, तेव्हा गोव्यातून मराठीत आलेले पत्र वाचायला अडचण नसावी.

फेब्रुवारी ते डिसेंबर 2025 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. घरकर्जाचे हप्ते हलके झाले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र त्याच वर्षी जूनमध्ये स्टेट बँकेने बचत खात्याचे व्याज सरसकट अडीच टक्के केले आणि मोठ्या खासगी बँकाही तिथेच येऊन बसल्या. बचतीचा दर बँकांनी आपापला ठरवावा ही मोकळीक रिझर्व्ह बँकेनेच ऑक्टोबर 2011 मध्ये दिली. त्यामागे स्पर्धेची अपेक्षा होती. स्पर्धा व्हायची तर ठेवीदाराला उठून दुसऱ्या बँकेत जाता यायला हवे, आणि तिथेच घोडे पेंड खाते.

आधी हिशेब पाहू. बँकेच्या दारावर ‘7 टक्क्यांपर्यंत’ असा फलक लागतो. त्यातला सगळा जीव ‘पर्यंत’ या शब्दात असतो. समजा टप्पे असे आहेत: पहिल्या 1 लाखाला 3 टक्के, 1 ते 5 लाखांना 5, त्यावर 7. खात्यात वर्षभर दीड लाख राहिले तर पहिल्या लाखाचे 3,000 आणि उरलेल्या पन्नास हजारांचे 2,500, मिळून 5,500 रुपये. अडीच टक्क्यांच्या खात्यात याच रकमेवर 3,750 मिळतात. फरक वर्षाला 1,750, म्हणजे महिन्याला 146 रुपये. त्यातून डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क, एसएमएसचे पैसे आणि एखाद्या महिन्यात किमान शिल्लक राखता आली नाही तर 18 टक्के जीएसटीसह दंड, एवढे वजा करा. फलकावरच्या सातातला एक छदामही या माणसाला मिळालेला नसतो, कारण त्याची शिल्लक 5 लाखांच्या वर जातच नाही.

शिवाय दीड लाख वर्षभर पडून असतात कुणाचे? पगार पहिल्या आठवड्यात येतो आणि तिसऱ्या आठवड्यात संपतो. अशा खात्याची सरासरी शिल्लक वीस हजार धरली, तर अडीचऐवजी पाच टक्के मिळूनही वर्षाला 500 रुपये वाढतात. चतुर्थीच्या बाजारात माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामानही त्यात येणार नाही.

पोस्टाचे बचत खाते 4 टक्के देते आणि त्यामागे सरकारची हमी आहे. पण त्याचा हिशेब निराळा. बँका 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजतात. पोस्ट मात्र 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरते. 11 तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे व्याज नाही, आणि 28 तारखेला काढलेल्या पैशालाही नाही. ‘दहाच्या आत भरा’ हा जुन्या लोकांचा सल्ला बँकेत कधीच निकामी झाला, पोस्टात तो आजही खरा आहे.

म्हणून आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांना आम्ही सांगतो: पगाराचे खाते हलवू नका, पडून राहणारी रक्कम तेवढी हलवा. त्याच बँकेत ऑटो स्वीप मागा. ठरावीक शिल्लकेवरचा पैसा आपोआप मुदत ठेवीत जातो आणि लागेल तेव्हा ठेव मोडून परत येतो. मुदतपूर्व मोडल्यावर दर किती कापतात हे मात्र आधी विचारून घ्यावे. जुन्या करप्रणालीत बचत खात्याच्या 10,000 रुपयांपर्यंतच्या व्याजाला वजावट आहे, स्वीपमधल्या ठेवीच्या व्याजाला नाही. साठीपुढच्यांना दोन्ही मिळून 50,000 आहे.

जास्त व्याजाच्या मोहात सगळी पुंजी एका जागी नेणाऱ्यांना गोव्यात वेगळे सांगायला नको. म्हापसा अर्बन या सहकारी बँकेचा परवाना 2020 मध्ये आणि मडगाव अर्बनचा 2021 मध्ये आपल्याच संस्थेने रद्द केला. बँक बुडाल्यावर मिळणारे ठेव विम्याचे 5 लाख हे मुद्दल आणि व्याज धरून, आणि एका बँकेतल्या सर्व शाखा मिळून असतात. म्हणजे फोंड्यात 4 आणि मडगावात 4 ठेवले तर विमा आठांचा नाही, पाचांचाच. पतसंस्थेला तर हा विमाच नाही. काउंटर, पासबुक, कॅशियर सगळे सारखेच दिसत असल्याने हा फरक लोकांच्या ध्यानात येत नाही.

आता ज्यांचा फायदा खरोखर मोठा आहे, त्यांचे हाल. नवे खाते अर्ध्या तासात उघडते. जुने सोडवताना धागे उसवावे लागतात: कर्जाचा हप्ता, एसआयपी, विम्याचा हप्ता, फास्टॅग, भविष्य निर्वाह निधी, डीमॅट, आयकराचा परतावा. प्रत्येकाकडे वेगळा अर्ज, कुठे नाव छापलेला रद्द चेक. नवा नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, मंजूर होईपर्यंत हप्ता जुन्याच खात्यातून कापला जातो. तिथे पैसे नसले तर तो बाउन्स होतो, दंड बँकही लावते आणि कर्ज देणाराही. म्हणून दोन्ही खाती किमान एक तिमाही समांतर चालवावीत आणि दोन हप्त्यांएवढी रक्कम जुन्यात ठेवावी.

सर्वांत जास्त घोळ आधारचा. आधार चार बँकांना जोडलेले असू शकते, पण गॅसचे अनुदान एनपीसीआय या देयक महामंडळाच्या नोंदीत जी एक बँक आहे तिथेच जाते. नव्या बँकेत ‘आधार लिंक केले’ म्हणून निर्धास्त झालेला माणूस जुने खाते बंद करतो, आणि अनुदान परत जाते. ही नोंद (सीडिंग) कोणत्या बँकेची आहे ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर पाहूनच जुने खाते बंद करावे. गृह आधार हे गोवा सरकारचे गृहिणींसाठीचे मासिक साहाय्य घेणाऱ्या बाईने महिला व बालविकास खात्यात नवा क्रमांक पोचल्याची खात्री करायची. घरात सासूला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे येत असतील तर समाजकल्याण खात्यातही. एका खात्यासाठी दोन खाती.

कंटाळून पाचशे रुपये ठेवून जुने खाते तसेच सोडणारे पुष्कळ. दोन वर्षे व्यवहार नसला की ते निष्क्रिय होते, दहा वर्षांनी रक्कम आपल्या ठेवीदार जागरूकता निधीत जाते. मग वारसांनी बेवारस ठेवींच्या उद्‍गम पोर्टलवर शोधत बसायचे.

इंग्लंडात 2013 पासून खाते बदलण्याची सोय आहे. ग्राहकाने नव्या बँकेला सांगायचे, सात कामकाजाच्या दिवसांत सगळे हप्ते तिकडे वळतात आणि जुन्या क्रमांकावर आलेले पैसे पुढची तीन वर्षे नव्या खात्यात पोचत राहतात. स्विंडनला गेलेला गोंयकार ही सोय वापरू शकतो, फोंड्यात राहिलेला त्याचा भाऊ नाही. आपल्याकडे खाते क्रमांकाच्या पोर्टेबिलिटीचा विषय तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी 2017 मध्ये काढला होता. पूर्ण पोर्टेबिलिटी कठीण आहे हे मान्य, प्रत्येक बँकेच्या खाते क्रमांकाची रचनाच निराळी. तोवर तीन गोष्टी करता येतील.

खात्यावर चालू असलेले सगळे मँडेट, नॅचचे आणि यूपीआय ऑटोपेचे, एका कागदावर मागताच मिळावेत आणि एकाच अर्जाने नव्या बँकेकडे वळावेत. बचतीच्या जाहिरातीत ‘पर्यंत’ लिहिणाऱ्या बँकेने त्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरांत 50,000, 1 लाख आणि 2 लाखांवर वर्षाचे व्याज रुपयांत छापावे. आणि संयुक्त खाते बंद करताना दुसऱ्या खातेदाराची सही डिजिटल पद्धतीने सर्व बँकांनी घ्यावी. इथे घरटी नाही तरी वाड्यागणिक एक तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, आहे. तो सहा-सहा, आठ-आठ महिने बोटीवर असतो आणि त्याच्या एका सहीसाठी घरातल्या बाईला तो उतरेपर्यंत अडीच टक्क्यांवर थांबावे लागते.

आपले,
बचत खात्यांचे हिशेब जवळून पाहणारे काही ठेवीदार
फोंडा, गोवा